घर-गाडीचा विमा एकत्र घ्या, पण आधी दोन्हीचे सुटे दर मागून घ्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

"घर आणि गाडी दोन्हीचा विमा आमच्याकडेच उतरवा आणि इतके टक्के वाचवा" असल्या जाहिराती हल्ली इतक्या येतात की एकत्र घेतलं म्हणजे पैसे वाचलेच असं लोक धरूनच चाललेत. मी एकत्र विम्याच्या विरोधात नाही, उलट बऱ्याच घरांना तो खरंच परवडतो, पण टक्के कशावरचे ते कोणी विचारत नाही आणि कंपनीही आपणहून सांगत नाही, म्हणून हे पत्र. तुमच्या पेपरातलं पैशाचं पान लोक मनापासून वाचतात, तिथे हा विषय नीट यायला हवा.

साधा हिशोब बघा. एका कंपनीत घराचा प्रीमियम 120 आणि गाडीचा 200 धरू, म्हणजे 320, त्यावर 15 टक्के सूट, भरायचे राहिले 272. ऐकायला छान वाटतं, 48 वाचले. आता तेच घर आणि तीच गाडी, पण घराचा विमा दुसरीकडे 90 ला मिळतोय आणि गाडीचा तिसरीकडे 170 ला, मिळून झाले 260, तेही एका पैशाची सूट न घेता. म्हणजे सूट घेणारा माणूस 12 जास्त भरतोय आणि वर खूशही आहे! हे आकडे समजण्यापुरते घेतलेत, उलटंही होतं, एकत्रवालाच स्वस्त पडतो असंही पुष्कळदा होतं, पण ते कळायचं कधी, तर तीन-चार ठिकाणचे दर समोर असतील आणि सगळीकडे कव्हर सारखंच असेल तेव्हाच. एकीकडे डिडक्टिबल (म्हणजे नुकसानीतला जो भाग आपल्याच खिशातून जातो तो) कमी आणि दुसरीकडे जास्त असेल तर त्या दोन आकड्यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

कंपनी सूट देते ती काही उपकार म्हणून नाही, त्यामागे तिचं गणित असतं आणि ते वाईटही नाही. नवीन ग्राहक मिळवायला जाहिरात, एजंटचं कमिशन, कागदपत्रं असा बराच खर्च येतो, एकाच माणसाला दोन पॉलिसी विकल्या की तो खर्च वाटला जातो. शिवाय दोन पॉलिसी असलेला माणूस सहजासहजी सोडून जात नाही, कारण त्याला दोन्हीकडची उस्तवार करावी लागते. सूट मुख्यतः या चिकटून राहण्याची किंमत आहे हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या गोष्टी आपोआप कळतात.

गोष्टी एकत्र बांधून विकणं विम्यात नवीनही नाही. आज आपण ज्याला घराचा विमा म्हणतो तोच मुळात एक गठ्ठा आहे. अमेरिकेत 1950 च्या आधी आगीची पॉलिसी वेगळी, चोरीची वेगळी, घरी आलेल्याला काही इजा झाली तर द्यायच्या भरपाईची वेगळी असं होतं, कारण आगीचा विमा विकणाऱ्या कंपनीला बाकीचे धंदे करायला तिथल्या राज्यांचे कायदेच आडवे यायचे. ते कायदे सैल झाले आणि 1950 मध्ये हे सगळं एका पॉलिसीत आलं. लोकांचा त्यात फायदाच झाला, दोन पॉलिसींच्या मधल्या फटीत अडकणारं नुकसान कमी झालं. तेव्हा एकत्र करणं ही कल्पना चांगलीच आहे, भांडण आहे ते दर झाकून ठेवण्याशी.

आणि एकत्र घेण्याचा एक फायदा असा आहे की त्याच्याबद्दल जाहिरातीत फार कमी बोलतात, मला तर तो सुटीपेक्षा मोठा वाटतो. समजा रात्री वादळात झाड पडलं, त्याची जाड फांदी छपरावर आणि बुंधा खाली उभ्या गाडीवर. विमा दोन कंपन्यांत असेल तर दोन क्लेम, दोन सर्व्हेअर, दोन वेगवेगळ्या दिवशी येणार, एक म्हणणार फांदी हलवू नका मला फोटो काढायचेत आणि दुसरा म्हणणार गाडी लगेच गॅरेजला न्या, आणि डिडक्टिबलही दोनदा. काही कंपन्यांच्या एकत्र पॉलिसीत असं कलम असतं की एकाच घटनेत घर आणि गाडी दोन्हीचं नुकसान झालं तर डिडक्टिबल एकदाच, दोनातलं जे मोठं असेल ते. गारपीट, पूर, वादळ असल्या वेळी हे कलम सोन्यासारखं आहे. पण सगळ्यांकडे नसतं, म्हणून एजंटला सरळ विचारायचं, कुठल्या पानावर लिहिलंय ते दाखवा, तोंडी "हो हो असतंच" याला क्लेमच्या वेळी काही किंमत नाही.

तसंच गाडीत ठेवलेल्या सामानाचं. काच फोडून लॅपटॉप नेला तर काचेचे पैसे गाडीच्या पॉलिसीतून मिळतील, लॅपटॉपचे बहुतेक वेळा मिळत नाहीत, ते घरातल्या सामानाच्या पॉलिसीत "घराबाहेर असलेलं सामान" असं कव्हर असेल तरच. इथे दोन पॉलिसी एकमेकींना नीट जोडल्या जातात का हे बघायला हवं, आणि एकाच एजंटनं दोन्ही केल्या असतील तर हे विचारायचं ठिकाण तरी एकच असतं.

भाड्याने राहणाऱ्यांना वाटतं घर आपलं नाही मग हा विषय आपला नाही. तसं नाहीये. जिथे भाडेकरूच्या सामानाचा विमा मिळतो तिथे तो खूप स्वस्त असतो, आणि कधीकधी तो घेतल्यामुळे गाडीच्या प्रीमियमवर मिळणारी सूट जवळपास त्याच्या किमतीइतकीच भरते. म्हणजे सामानाला संरक्षण जवळजवळ फुकटात. ज्यांच्याकडे नुसतीच गाडी आहे त्यांनी हे एकदा विचारून तरी बघावं.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. एकत्र पॉलिसीचा आकडा आकर्षक दिसावा म्हणून घराची विमा रक्कमच खाली आणली जाते, कधी एजंट आणतो, कधी आपणच म्हणतो "थोडं कमी करा ना". बऱ्याच पॉलिसींत नियम असा असतो की विमा जितका कमी उतरवला तितक्या प्रमाणात प्रत्येक क्लेम कापला जातो. घर पुन्हा बांधायला 100 लागणार आणि विमा फक्त 60 चा, तर स्वयंपाकघराला आग लागून 20 चं नुकसान झालं तरी हातात 12 च येणार, त्यातून पुन्हा डिडक्टिबल वजा. लोकांना वाटतं आपला विमा 60 चा आहे आणि नुकसान 20 चंच आहे म्हणजे पूर्ण मिळेल, तसं होत नाही, आणि हे कळतं ते घर काळं झालेलं असताना. रक्कम ठरवताना जमिनीची किंमत धरायची नसते, बाजारात घर कितीला विकलं जाईल तेही नाही, तेवढंच घर आज पुन्हा बांधायला किती लागेल ते धरायचं, आणि बांधकामाचे दर वाढतात तशी ती दर वर्षी बघायची. प्रीमियम कमी करायचाच असेल तर झेपेल एवढं डिडक्टिबल वाढवा, नको असलेले ॲड-ऑन काढा, पण विमा रकमेला हात लावू नका.

सूट नेमकी कुठल्या भागावर आहे हेही विचारायला हवं. भारतात गाडीच्या थर्ड पार्टी विम्याचे, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या विम्याचे, दर सरकार जाहीर करतं, कंपनीला त्यात स्वतःच्या मनाने सूट देता येत नाही, मग तिथे "गाडीच्या विम्यावर सूट" म्हटलं तर ती फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावरच असणार. पूर्ण बिलावर टक्के लावून मनात बचत मोजली तर चुकणार.

रिन्यूअलला तर याहून जास्त लक्ष हवं. पहिल्या वर्षी घसघशीत सूट, मग दर वर्षी थोडं थोडं वाढवत न्यायचं, दोन पॉलिसी गुंतलेल्या असल्यामुळे माणूस हलत नाही. ही नुसती शंका नाही. ब्रिटनमध्ये तिथल्या फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या वित्तीय नियामक संस्थेने घर आणि गाडीच्या विम्याचा अभ्यास केला तेव्हा 2018 या एका वर्षात 60 लाख पॉलिसीधारक त्यांच्या जोखमीच्या मानाने फार जास्त पैसे भरत होते असं निघालं, त्यांनी सरासरी दर भरला असता तर 1.2 अब्ज पौंड वाचले असते. मग 1 जानेवारी 2022 पासून नियम आला की घर आणि गाडीच्या विम्यात जुन्या ग्राहकाला रिन्यूअलचा दर नवीन ग्राहकापेक्षा जास्त लावायचा नाही. त्याच्याही आधी, 2017 पासून, रिन्यूअलच्या नोटिशीवर गेल्या वर्षीचा प्रीमियम छापणं तिथे सक्तीचं झालं. किती साधी गोष्ट आहे बघा, दोन आकडे शेजारी शेजारी, पण ते दिसले की माणूस फोन उचलून विचारतो तरी की का वाढलं.

कंपनी बदलली तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जाईल या भीतीनेही कितीतरी लोक अडकून राहतात. बऱ्याच देशांत हा बोनस पॉलिसीधारकाचा असतो, जुन्या कंपनीचा दाखला दाखवला की नवीन कंपनी तो मान्य करते, फक्त मधे जास्त दिवस खंड पडू द्यायचा नाही. एजंट हे आवर्जून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आणि एकत्र बांधलेलं कंपनीकडून सुटू शकतं याचाही विचार करून ठेवावा. मे 2023 मध्ये स्टेट फार्म या अमेरिकेतल्या विमा कंपनीने कॅलिफोर्नियात घराच्या विम्याचे नवीन अर्ज घेणं थांबवलं, बांधकामाचा वाढता खर्च आणि वणव्यांसारख्या आपत्तींची वाढती जोखीम अशी कारणं दिली, गाडीचा विमा मात्र चालूच ठेवला. अशा ठिकाणी नवीन माणसाला दोन्ही एकत्र घ्यायचं म्हटलं तरी घेता येत नाही. ज्याच्या घराची पॉलिसी कंपनी पुढे चालू ठेवत नाही त्याच्या गाडीवरची सूटही जाते, म्हणजे एका पत्राने दोन्ही बजेट हलतात. म्हणून दोन्हीचे सुटे दर घरी लिहून ठेवलेले असावेत, वेळ आली तर कुठे जायचं हे माहीत असतं. शिवाय काही कंपन्या नाव स्वतःचं लावतात पण घराची पॉलिसी असते दुसऱ्याच भागीदार कंपनीची, मग "एकच फोन, एकच क्लेम" हे राहतच नाही. पॉलिसीवर विमा कंपनी म्हणून कोणाचं नाव आहे ते वाचायला एक मिनिट लागतं.

संपादक महोदय, विनंती दोन गोष्टींची आहे. विमा नियामकांनी कंपन्यांना हे बंधनकारक करावं की एकत्र पॉलिसीच्या कोटेशनवर घराचा सुटा दर, गाडीचा सुटा दर, प्रत्येकावर किती सूट आणि रिन्यूअल असेल तर गेल्या वर्षीचा आकडा हे सगळं एकाच पानावर छापलं जावं, त्यासाठी तुम्ही अग्रलेखातून आवाज उठवावा. आणि तोपर्यंत तुमच्या पैशाच्या पानावर एक कोरा तक्ता छापावा, घर आणि गाडीच्या रांगा, विमा रक्कम, डिडक्टिबल, प्रीमियम, सूट असे रकाने, म्हणजे वाचक तो कापून घेईल आणि एजंट समोर बसला की त्याच्याकडूनच भरून घेईल. तक्ता रिन्यूअलच्या महिनाभर आधी वापरा असं त्याखाली ठळक लिहावं, कारण शेवटच्या दोन दिवसांत कोणीच तुलना करत नाही, येईल त्या आकड्यावर पैसे भरून मोकळे होतात.

कळावे,
आपला एक नियमित वाचक