पडलेल्या पिस्तुलातून गोळी सुटू नये, यासाठी : केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय गृहमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली यांना
सविनय नमस्कार.

1 ऑक्टोबर 2024 रोजी पहाटे मुंबईत अभिनेते आणि माजी खासदार गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. रिव्हॉल्व्हर ठेवताना हातातून निसटले आणि पडताच गोळी सुटली, असे तेव्हा सांगण्यात आले. शस्त्रक्रिया झाली, ते बरे झाले. पुढचे काही दिवस चर्चा चालली ती त्यांच्या हलगर्जीपणाची. शस्त्र पडले तरी गोळी सुटावीच का, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. तो मी आपल्याला विचारते आहे, कारण शस्त्रे आणि दारूगोळा हा विषय केंद्राच्या यादीत आहे आणि 1959 चा शस्त्र अधिनियम व 2016 चे शस्त्र नियम आपल्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात.

मी नाशिक भागात नेमबाजी शिकवते. परवाना नवा मिळालेले लोक हात बसवायला येतात: द्राक्ष बागायतदार, सराफ, पेट्रोल पंपाचे मालक, निवृत्त जवान. बहुतेकांकडे .32 बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) छोटे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असते, कारण 9 मिलिमीटरची पिस्तुले सामान्य नागरिकांना मिळत नाहीत. परवाने वाढवा किंवा कमी करा, यासाठी हे पत्र नाही. दिलेल्या परवान्यावर जे शस्त्र घरात येते, ते विश्वासाचे असावे, एवढ्यासाठी आहे.

खिशात मावणारे पिस्तूल मोठ्या पिस्तुलापेक्षा सोपे असेल, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात ते अवघड असते. ते हलके म्हणून हातात जास्त उसळते. स्लाइड, म्हणजे गोळी भरण्यासाठी मागे ओढायचा वरचा भाग, छोटी आणि स्प्रिंग कडक, त्यामुळे साठीच्या माणसाला ती मागे ओढताना घाम फुटतो. मग तो काय करतो? वेळेवर ओढता येणार नाही म्हणून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी गोळी झाडली जाते त्या जागेत, गोळी भरूनच पिस्तूल उशाशी ठेवतो. .32 च्या पिस्तुलाच्या काडतुसाला बुडाशी किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझिन (काडतुसांची सुटी होणारी पेटी) भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि ऐन वेळी पिस्तूल जॅम होते. खिशातली धूळ, कापडाचे तंतू, पावसाळ्यातली ओल आणि वर्षानुवर्षे न बदललेली काडतुसे यांची त्यात भर पडते. ज्याने जिवाच्या भीतीने लाखभर रुपये मोजले, त्याला हे कुणीतरी आधी सांगायला हवे होते.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे नको तेव्हा गोळी सुटणे. मॅगझिन काढले की पिस्तूल रिकामे झाले, असे समजणारी माणसे माझ्याकडे सतत येतात. चेंबरमधली गोळी तशीच असते, आणि पुष्कळ पिस्तुले मॅगझिनशिवायही ती झाडतात. काही जुन्या रिव्हॉल्व्हरांत घोड्याचे, म्हणजे मागच्या हातोडीसारख्या भागाचे, टोक थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेले राहते; टोपीवर मार बसला की गोळी सुटते. घोड्यावर आपटून ते पडले की पुढचे सांगायला नको. यावरचा उपाय जगाला केव्हाचा ठाऊक आहे. चाप पूर्ण दाबल्याशिवाय घोड्याचा मार टोपीवर आदळणाऱ्या पिनेपर्यंत पोहोचू न देणारी पट्टी अमेरिकेतल्या रुगर कंपनीने 1973 पासून आपल्या रिव्हॉल्व्हरांत बसवली. काही पिस्तुलांत पिनेलाच अडवणारा खटका असतो. माझ्यापुढे टेबलावर ठेवलेल्या शस्त्रात हे आहे की नाही, हे त्याच्या मालकाला बहुधा माहीत नसते, आणि माहीत करून घ्यायला अधिकृत कागदही नसतो.

आपल्याकडे शस्त्राची प्रूफ चाचणी होते, ठसा उमटतो. पण जादा दाबाचे काडतूस झाडून नळी आणि चेंबर टिकतात का, हे ती पाहते. शस्त्र फरशीवर पडल्यावर काय होते, पाचशे गोळ्यांत ते किती वेळा अडते, याचा निकाल मी आजवर एकाही परवानाधारकाच्या हातात पाहिलेला नाही. कॅलिफोर्नियात 2001 पासून अशी परीक्षा कायद्याने होते. नव्या मॉडेलची तीन पिस्तुले घेऊन प्रत्येकातून 600 गोळ्या झाडतात. पहिल्या 20 गोळ्यांत एकदाही अडता कामा नये, एकूणात सहापेक्षा जास्त वेळा नाही. मग सुमारे एक मीटरवरून काँक्रीटवर वेगवेगळ्या बाजूंनी पाडतात. उत्तीर्ण मॉडेलांची यादी कुणालाही वाचता येते. त्याच राज्यात 1994 मध्ये सात वर्षांचा एक मुलगा स्वस्तातल्या छोट्या पिस्तुलाच्या गोळीने कायमचा पंगू झाला होता. एक ओळखीचा माणूस ते रिकामे करायला गेला होता, आणि त्या पिस्तुलाची रचनाच अशी की सेफ्टी (गोळी सुटू न देणारी कळ) काढल्याशिवाय ते रिकामे करता येत नसे. 2003 मध्ये ज्युरीने हाताळणाऱ्यासोबत ते बनवणाऱ्यालाही जबाबदार धरले.

आपल्याकडे तर ही जबाबदारी जास्तच सरकारची आहे. परदेशी पिस्तुलांची खासगी आयात 1980 च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे बहुतेक लोक एक तर सरकारी कारखान्याचे शस्त्र घेतात, नाही तर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे परदेशी, ज्याची मूळ स्प्रिंग आता मिळत नाही आणि लेथवाल्याकडून घडवून घ्यावी लागते. 2014 मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ हे सुमारे 500 ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर आणले. स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल, अशी त्याची जाहिरात झाली, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. पर्समध्ये किल्ल्या असतात, पेन असते. चाप झाकणाऱ्या कडक होल्स्टरशिवाय (शस्त्राच्या म्यानाशिवाय) असे शस्त्र पर्समध्ये ठेवायला मी कुठल्याही मुलीला सांगणार नाही, ते कुणीही बनवलेले असो.

म्हणून माझी मागणी अशी. परवान्यावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक छोट्या शस्त्राची, सरकारी असो वा खासगी, पडण्याची आणि सलग गोळीबाराची चाचणी कारखान्याबाहेरच्या संस्थेने करावी आणि निकाल मॉडेलवार प्रसिद्ध व्हावा. दोष सापडला तर मोटारी परत बोलावतात तसे ते शस्त्र परत बोलावण्याची सक्ती असावी. ही माहिती घरोघर पोहोचवणे अजिबात कठीण नाही, कारण प्रत्येक परवानाधारकाचा पत्ता सरकारदरबारी आहेच. जुन्या शस्त्राची तपासणी आर्मोररकडून, म्हणजे शस्त्रांच्या कारागिराकडून, परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी व्हावी.

2016 च्या नियमांत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे, ती चांगलीच आहे. पण शिकणारा बहुधा क्लबच्या शस्त्रावर शिकतो आणि घरी दुसरेच घेऊन जातो. शस्त्र खरेदी केल्यानंतर त्याच शस्त्रावर, ते भरणे, रिकामे करणे आणि जॅम सोडवणे याची परीक्षा घ्यावी, आणि त्यासाठी पुरेशी सरावाची काडतुसे द्यावीत.

आणखी एक काम तर लगेच होण्यासारखे आहे. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा होतात. तिथे टेबलावर, चार माणसांच्या गर्दीत, भरलेले पिस्तूल रिकामे केले जाण्याचा धोका असतो. शस्त्र जमा करून घेणाऱ्या प्रत्येक ठाण्यात वाळूने भरलेला एक खोका ठेवावा आणि त्यात नळी रोखूनच शस्त्र रिकामे करावे, असा आदेश सर्व राज्यांना पाठवावा. पुढची निवडणूक लागण्याआधी तो निघावा, ही विनंती.

आपली,
एक नेमबाजी प्रशिक्षक, नाशिक