थोड्या पैशांत कलावंतांना हातभार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुडाळजवळच्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा ठाकर समाजाच्या चित्रकथीची, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या कलेची, आणि कळसूत्री बाहुल्यांची चर्चा सर्वत्र झाली. परंतु ज्यांची नावे कधी छापून येत नाहीत, अशा कलावंतांची विचारपूस आपण क्वचितच करतो. त्यांना साहाय्य करायला मोठी रक्कमच हवी, हा समज मला चुकीचा वाटतो. मी दरमहा दोनशे रुपये बाजूला ठेवतो. गेल्या वर्षी त्यातून भाचीच्या लग्नात भेट म्हणून एक हाती रंगवलेले चित्र घेतले. त्यातल्या रावणाच्या टपोऱ्या डोळ्यांभोवतीची काळी रेघ एका दमात ओढलेली होती आणि ती पाहताना पाहुणे अहेराची पाकिटे विसरले.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचा, म्हणजे हाती रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, १२० पानांचा पूर्ण संच सर्वांना परवडणार नाही, पण सुटे पान मिळाल्यास ते चौकटीत बसवून भिंतीवर लावता येते. मात्र अशा वेळी घासाघीस करू नये, कारण त्या किमतीत कित्येक दिवसांची मेहनत असते. पैसे नसतील तर जत्रेतला दशावतार पहाटेपर्यंत बसून पाहावा आणि खेळ संपल्यावर रंगपटात जाऊन नटाला त्याचे नाव विचारावे.

गणेशोत्सव मंडळांनी यंदा रोषणाईच्या खर्चातून एका चित्रकथी प्रयोगाचे मानधन काढावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, जि. सिंधुदुर्ग