लोखंडाचं काम सोडत नाही, बाबा

ताळगाव

तीर्थरूप बाबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, शाळेतली कायमची नोकरी मिळतेय, मग त्या बॅटरीच्या संशोधनामागे आणखी किती दिवस? ती नोकरी मी घेत नाहीये. का, ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

लिथियम बॅटरीची ताकद, आयुष्य आणि किंमत बरीचशी तिच्या कॅथोडवर, म्हणजे धन टोकाच्या पदार्थावर, ठरते. 1980 साली शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या गटाने कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड शोधला. पण कोबाल्ट महाग, निम्म्याहून जास्त काँगोतून येतो आणि तिथे लहान मुलंसुद्धा खाणीत उतरतात. शिवाय फार तापला की हा कॅथोड ऑक्सिजन सोडतो, मग आग भडकते. 1997 साली गुडइनफ आणि अक्षय पाढी यांनी लोखंडाच्या फॉस्फेटचा कॅथोड पुढे आणला. त्यात फॉस्फरस ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे तो कितीतरी सुरक्षित. गुडइनफना नोबेल मिळालं 2019 मध्ये, वयाच्या 97व्या वर्षी! तेव्हाही ते काम करत होते.

लोखंडाचा व्होल्टेज मात्र 3.4च्या आसपास. म्हणून मी काही लोखंडाच्या जागी मँगनीज घालते, ते 4.1ला काम करतं, तेवढ्याच वजनात जास्त ऊर्जा मिळते. पण मँगनीज हट्टी आहे. लोखंडाच्या फॉस्फेटमधून वीज मुळातच कमी वाहते, मँगनीजमुळे ती आणखीच कमी होते आणि चार्ज होताना स्फटिकाची ठेवण बिघडते. म्हणून कण अगदी बारीक करायचे, त्यांच्यावर कार्बनचा पातळ थर चढवायचा. त्यासाठी मी चक्क साखर वापरते, आर्गॉन वायूच्या भट्टीत ती न पेटता करपते आणि तिचा कार्बन कणांवर बसतो. थर जाड झाला की लिथियमची वाट अडते, पातळ राहिला की वीज अडते. त्यात आपला पावसाळा! ओलावा सेलमध्ये शिरला की आम्ल तयार होतं आणि मँगनीज विरघळू लागतं. एक सेल सावकाश चार्ज-डिस्चार्ज करायलाच जवळजवळ दिवस जातो, आणि टिकतो का हे कळायला शेकडो फेऱ्या लागतात. घाई करून चालत नाही.

बाबा, तुम्ही डिचोलीचं खनिज सारमानसच्या धक्क्यावर पोचवायचात, तिथून ते बार्जने मुरगावला आणि जहाजातून परदेशी. 2012मध्ये खाणी बंद झाल्या, ट्रक दारात उभा राहिला, आईने बांगड्या मोडल्या. खाणीतला दगड तसाच बॅटरीत जात नाही, फार शुद्ध क्षार लागतात, हे मला माहीत आहे. तरी लोखंडापासून त्याहून मोलाचं काय करता येतं, हे जाणणारी माणसं गोव्यातच असावीत असं मला मनापासून वाटतं. त्यातली एक मी व्हावं.

आई, तुझ्यासाठी विजेची स्कूटर बघताय ना? विक्रेत्याला सेल एलएफपी, म्हणजे याच लोखंडाच्या फॉस्फेटचे, आहेत का विचारा. थोडी जड असली तरी तीच घ्या. चवथीला येतेच आहे, तेव्हा मिळून बघू.

तुमची,
शमा