दातांच्या डॉक्टरांना, झोपेबद्दल आभार

आदरणीय डॉक्टर मॅडम,

आम्ही तुमच्याकडे आलो होतो ते ह्यांच्या किडलेल्या दाढेसाठी. सिमेंट भरून घ्यायचं आणि घरी जायचं, एवढाच बेत. तुम्ही दाढ बघितलीत, मग जीभ बाहेर काढायला लावलीत, टाळू, पडजीभ सगळं पाहिलंत आणि ह्यांना काही न विचारता माझ्याकडे वळलात. "रात्री घोरतात का? घोरता घोरता मध्येच आवाज बंद पडतो का?"

हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. बीपीच्या दोन गोळ्या चालू असूनही आकडा खाली येत नव्हता, दुपारी ऑफिसात डुलक्या यायच्या, सकाळी डोकं जड. पण घोरणं हा आजार असू शकतो हे आमच्या डोक्यातच नाही. आपल्याकडे घोरणारा माणूस म्हणजे बिनघोर माणूस! मंगल कार्यालयात ह्यांच्या शेजारी गादी टाकायला कुणी धजत नसे आणि सकाळच्या चहाला तोच विषय. मीही हसायचे. आवाज थांबला की पुढचा श्वास येईपर्यंत मी अंधारात कान देऊन पडलेली असायचे, ते कुणाला सांगणार?

तुम्ही आरशात दाढांची झीज दाखवलीत, जिभेच्या कडांवर उमटलेले दातांचे ठसे दाखवलेत, आणि लगेच बजावलंत की एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची (स्लीप अ‍ॅप्निया) ही फक्त शंका आहे.

त्याच दिवशी जबड्याचं माप घेऊन तोंडात घालायचं काहीतरी बनवून देणं तुम्हाला सहज जमलं असतं. आम्ही पैसेही मुकाट्याने दिले असते. तुम्ही मात्र छातीच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिलीत. "स्लीप स्टडी झाल्याशिवाय मी तोंडात काही बसवणार नाही," हे तुमचं वाक्य. स्लीप स्टडी म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी. ऑनलाइन मिळणारं, गरम पाण्यात मऊ करून चावायचं ते प्लास्टिकही घेऊ नका म्हणालात. ह्या पत्राचं खरं कारण तुमचं ते 'नाही' आहे.

तपासणीत निघालं ते असं: श्वास पूर्ण बंद पडणं किंवा बराच कमी होणं, दर तासाला सरासरी 22 वेळा, प्रत्येक वेळी निदान 10 सेकंद. रक्तातला ऑक्सिजन 81 टक्क्यांपर्यंत उतरलेला. 15 ते 30 म्हणजे मध्यम, 30 च्या वर गेलं की तीव्र, असं छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळू मागे सरकून वाट बुजवतात, मेंदू अर्धवट जागं करतो, श्वास सुटतो, की पुन्हा तेच. ह्यांना सकाळी यातलं काही आठवत नसे.

आधी सीपॅप मशीन मिळालं. नाकावरच्या मास्कमधून दाबाची हवा सोडून घसा उघडा ठेवायचा. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1980 साली ते पहिल्यांदा एका पेशंटवर वापरलं, आणि त्याआधी तीव्र आजारावर गळ्याला भोक पाडणं हाच खात्रीचा उपाय होता, हे ऐकून मी मशीनला मनोमन हात जोडले. ह्यांनी जोडले नाहीत. नाक चोंदायचं, मास्क मध्यरात्री उशीखाली जायचा, त्यात नोकरी फिरतीची. मास्क बदलून, हवेत ओलावा देऊनही जमेना, तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी तुम्हाला फोन केला. दोन डॉक्टर एका पेशंटविषयी एकमेकांशी बोलतात, हे आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. एरवी फाइल घेऊन आपणच निरोप्यासारखं फिरायचं.

मग तुमचं काम सुरू झालं आणि तिथेही घाई नाही. आधी हिरड्या नीट केल्यात, जबड्याचा सांधा तपासलात, खालचा जबडा पुढे धरणारं यंत्र दात पेलतील की नाही पाहिलंत. वरच्या-खालच्या दातांवर बसणारे दोन साचे, बाजूला बारीक स्क्रू. खालचा जबडा जितका पुढे येऊ शकतो त्याच्या साधारण निम्म्यावर सुरुवात, मग हळूहळू स्क्रू फिरवत पुढे. जबड्याबरोबर जीभही पुढे येते, घशात जागा होते. पॅरिसच्या पिएर रोबिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लहान जबड्याच्या मुलांसाठी असा विचार केला होता, हेही तुम्हीच सांगितलंत.

त्रास लपवला नाहीत. लाळ गळेल, सकाळी दात नीट जुळणार नाहीत, वर्षानुवर्षं वापरून दात थोडे सरकूही शकतात. लाळ गळली. उशीचे अभ्रे मी धुतले, त्याचं श्रेयही इथे नोंदवून ठेवते. सकाळचा चावा जुळवायची पट्टी हे चहाआधी न चुकता चावतात.

घोरणं जवळजवळ थांबलं तेव्हा आम्हाला वाटलं, झालं. तुम्ही म्हणालात, आवाज गेला म्हणजे आजार गेला असं नाही, आणि यंत्र तोंडात घालून पुन्हा स्लीप स्टडी करायला लावलीत. 22 चे 7 झाले होते. वजन कमी करायचं आणि पाठीवर न झोपायचं काम अजून चालू आहे. बीपीची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली आहे.

दिवाळीनंतरच्या तपासणीला येताना मोठ्या दिरांना घेऊन येते. तेही घोरतात, आणि त्यांना तयार यंत्रच हवंय, "भावाला दिलं तसलं". त्यांना चिठ्ठी तुम्हीच लिहून द्या, माझं ऐकत नाहीत.

आपल्या एका पेशंटची बायको,
सातारा