अजून थोडी शेव

इंदूर, १८ सप्टेंबर

प्रिय बाळ यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे संक्रांतीचे पत्र टेबलाच्या खणात अजून तसेच आहे आणि त्याला उत्तर दिले नाही याची खंत मला तो खण उघडताना रोज होते. माझी प्रकृती ठीक आहे, साखर आटोक्यात आहे, डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला. आज लिहायला बसलो तो एका गोष्टीमुळे. ती घरात कोणाला सांगून उपयोग नाही, कारण त्यांच्या दृष्टीने जे झाले ते सगळे कौतुकाचेच झाले. बाळ, आपले शेवेचे गाणे परत आले आहे.

पलीकडच्या गल्लीतील एका मुलाला त्याच्या आजीच्या कपाटात १९८७ च्या गणेशोत्सवाची कॅसेट सापडली. त्याने त्यातून तेवढे एकच गाणे उचलले, त्याची गती वाढवली, पोह्यांवर शेव पडतानाचे चित्रण त्याला जोडले आणि रील करून सोडून दिले. दोन महिन्यांत ते इतके पसरले की सकाळी पोहे-जिलेबी घ्यायला गेलो तर रांगेतली कॉलेजची मुले दुकानदाराला ‘अजून थोडी शेव घाल’ असे आपल्याच चालीत सांगत होती. त्यांतली निम्मी मुले हिंदीभाषक होती. नातवाच्या वर्गात मला आता ‘शेववाले आजोबा’ म्हणतात. सूनबाईंना त्याचा फार आनंद आहे.

आनंद मलाही झाला, पण तो चार दिवस टिकला. पाचव्या दिवसापासून ते गाणे माझ्या डोक्यातून जाईना. पहाटे जाग आली की ते आधीच सुरू झालेले असे, आणि पूर्ण गाणे नव्हे, तर तीच एक ओळ पुन्हा पुन्हा. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली असा प्रयोग केला होता की, च्युइंगम चघळत राहिले तर डोक्यात अडकलेले गाणे कमी वेळा परतून येते. मनातल्या मनात गाण्यासाठीही मेंदू जिभेच्या आणि जबड्याच्या हालचालींची यंत्रणा वापरतो आणि चघळण्याने ती गुंतून राहते, असे त्यामागचे कारण सांगतात. माझ्या कवळीला च्युइंगम चालत नाही, म्हणून मी बडीशेप चघळून पाहिली. तुझ्या आत्याने हे ऐकले असते तर ती म्हणाली असती की बडीशेप कशाला, शेवच चघळ.

त्या पहाटे पडल्या पडल्या मी विचार करत असे की अशी उडती गाणी आपल्याला एकाच वेळी हवीशी आणि नकोशी का होतात. मला वाटते, तेथे विनोद आणि गाणे एकाच भांड्यात शिजवलेले असतात आणि दोघांना आच वेगवेगळी लागते. विनोद दुसऱ्यांदा ऐकला की शिळा होतो. गाणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्यांदा ऐकल्यावर कोठे उमलू लागते. त्यामुळे पहिल्या दिवशी आपण विनोदासाठी ते गाणे जवळ करतो आणि आठव्या दिवशी विनोद उडून गेलेला असतो, पण चाल आपल्याला सोडत नाही. चिडचिड होते ती त्या रिकाम्या भांड्याच्या आवाजाने. तरीही पहिल्या दिवसाचा तो ओढा खोटा नसतो. भावगीत ऐकणाऱ्याकडून थोडी तयारी मागते. उडते गाणे काहीच मागत नाही आणि दुसऱ्या कडव्यालाच सगळ्यांना गात्यांमध्ये सामील करून घेते. २०११ साली ‘कोलावेरी डी’ आले तेव्हा तमीळचा एक शब्द न कळणारी माझी पुतणी ते आम्हाला अख्खे म्हणून दाखवत असे.

आमच्या गल्लीत रोज सकाळी कचरागाडी ‘गाड़ी वाला आया, घर से कचरा निकाल’ हे गाणे लावत येते. मंडला जिल्ह्यातील श्याम बैरागी यांचे ते गाणे आता देशभरातल्या गाड्यांवर वाजते. मी त्याला कितीतरी वर्षे वैतागलो आहे, पण ते ऐकू येताच गल्लीतली सगळी दारे एकामागून एक उघडतात हेही मी रोज पाहतो. २०१७ पासून आपले शहर स्वच्छतेत पहिले येते आहे, त्याचे श्रेय कष्ट करणाऱ्या माणसांचे आहे. तथापि माणसांना घराबाहेर काढण्याचे काम त्या कंटाळवाण्या ओळीने केले, हे मान्य करावे लागते. माझ्या एकाही भावगीताने कोणाला उंबऱ्यापर्यंत आणलेले नाही.

येथे तू म्हणशील की हे मी तुला चाळीस वर्षांपूर्वी सांगत होतो. होय, सांगत होतास. क्रिश्चियन कॉलेजच्या चिंचेखाली बसून तू मला ऐकवायचास की, किशोरकुमारने याच कॉलेजच्या कँटीनच्या उधारीचा आकडा, पाच रुपये बारा आणे, १९५८ मध्ये ‘चलती का नाम गाड़ी’तल्या गाण्यात घातला, आणि ज्याला उधारीचे गाणे करता येते तोच खरा गायक. मी त्यावर म्हणत असे की ही सांगोवांगी गोष्ट आहे आणि उधारीचे गाणे करण्यापेक्षा ती फेडावी. त्यावरून आपण चहाचे पैसे न देता भांडत घरी आलो होतो, तेव्हा ती उधारी बहुधा अजून आपल्या दोघांच्या नावावर आहे.

माझा दाखला सी. रामचंद्रांचा असे, आणि मी तो नेहमी अर्धाच देत असे. पुणतांब्याच्या या चितळकरांनी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत, आपल्या इंदूरच्या सिख मोहल्ल्यात जन्मलेल्या लताबाईंच्या आवाजात ‘ऐ मेरे वतन के लोगों’ उभे केले, एवढेच मी सांगायचो. त्याच माणसाने १९५७ साली ‘आशा’ चित्रपटासाठी ‘ईना मीना डीका’ केले होते आणि ते अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या बडबडीवरून सुचले असे सांगतात, ही दुसरी अर्धी बाजू तू मांडायचास. आता वाटते की दोन्ही गाण्यांत काळजी सारखीच घेतली आहे. अर्थहीन शब्द ताल धरून इतके नेमके बसवायला फार कसलेला हात लागतो.

आणखी एक गोष्ट मला अलीकडे कळली आणि ती मनात घर करून बसली. १९७७ साली व्हॉयेजर यानांतून पृथ्वीवरचे संगीत भरलेली जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात पाठवली, तिच्यावर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि अमेरिकेच्या चक बेरी या रॉक अँड रोल गायकाचे एक गाणेही आहे. ज्याचे काम पृथ्वीच्या वतीने ताऱ्यांकडे गेले, तो चक बेरी आपल्या देशाच्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर एकदाच पोहोचला, १९७२ मध्ये, आणि तेही एका चावट, द्व्यर्थी गंमतगाण्याने. हे वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. माझी त्याच्याशी तुलना नाही, हे तुला सांगायला नको. पण मारवा रागातले ते संध्याकाळचे गाणे मी तीन महिने घासत होतो आणि शेवेचे गाणे आपण तालमीच्या दिवशी, मुलांचा कार्यक्रम दहा मिनिटे कमी पडत होता म्हणून, काकूंच्या ओसरीवर वीस मिनिटांत केले. आज मारव्याची ओळ बायकोखेरीज कोणाला आठवत नाही.

आता मुख्य गोष्ट लिहितो. ती टाळत टाळतच मी येथपर्यंत आलो आहे.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी येथील एका मंडळाने माझा सत्कार केला. मी दोन भावगीते बसवून गेलो होतो. पहिले संपायच्या आधीच मागून शेवेची फर्माईश आली. मी ते मूळ लयीत, सावकाश गायलो. तुला आठवत असेल, केहरव्याच्या आठ मात्रांच्या तालात पहिल्या चार मात्रांत ‘अजून थोडी’ येते, पाचवी मात्रा, म्हणजे नेमकी ‘खाली’, जेथे टाळी पडत नाही ती, तू कोरी ठेवली होतीस, आणि सहावीवर ‘शेव’ पडते. मी तेव्हा ती जागा ‘गं’ने भरणार होतो. तू ढोलकीवरचा हात वर उचलून धरलास आणि म्हणालास, ‘चिमूट ताटलीवर थांबते ना, तेवढे थांबायचे.’ सगळे गाणे त्या एका मात्रेवर उभे आहे. त्या पोराने रीलमध्ये नेमकी तेथेच शिटी घातली आहे, आणि माझी सगळी चिडचिड या शिटीची आहे हे मला त्या रात्री कळले. मागची मुले त्या जागी शिट्या घालत होती. पुढच्या रांगेत मात्र आपल्या वेळच्या चार-पाच बायका होत्या. त्या प्रत्येक वेळी चिमूट वर धरून गप्प थांबत आणि मग हात खाली आणत. अडतीस वर्षांनी, बाळ. माझा आवाज दोनदा भरून आला.

गाणे झाल्यावर निवेदकाने ध्वनिक्षेपक माझ्यापुढे धरून विचारले, हे कोणाचे? आणि मी म्हणालो, ‘माझे.’ एवढेच म्हणालो. टाळ्या पडल्या, शाल-श्रीफळ मिळाले, आणि घरी येईपर्यंत तो नारळ मला हातात जड वाटत राहिला.

कारण १९८७ च्या स्मरणिकेतून याच गाण्याखालचे माझे नाव मी स्वतः छापखान्यात जाऊन काढवले होते. गंभीर मंडळी काय म्हणतील या भीतीने मी ते एकट्या तुझ्या माथी मारले. तू ते पाहिलेस आणि विचारलेस, ‘तुला गाण्याची लाज वाटते की माझी?’ त्यानंतर सहा महिने आपण बोललो नाही, आणि बोलू लागलो तेही तुझ्या आईच्या दहाव्याला, म्हणून तो प्रश्न तसाच राहिला. उत्तर आज देतो. मला गाण्याची लाज वाटत होती, आणि तुझे नाव खाली राहिले तर ती तुझ्यावर जाईल हे ठाऊक असूनही मी ते राहू दिले. लाज होती तेव्हा ते तुझे आणि टाळ्या आल्या तेव्हा माझे, असे मी दोन्ही वेळा केले. मला क्षमा कर.

वहिनींच्या गुडघ्याचे पुढे काय ठरले ते कळव. धाकट्याची बदली रद्द झाली का? कोथरूडच्या घराच्या पुनर्बांधणीचे कागद सही करण्यापूर्वी एकदा वकिलाला दाखव, घाई करू नकोस. दिवाळीत येणार असशील तर गच्चीवरची खोली रिकामी आहे.

तो मुलगा परवा घरी आला होता. चांगला आहे, पायांना हात लावून बसला. त्याला गाणे पुन्हा नीट ध्वनिमुद्रित करायचे आहे आणि खाली कोणाची नावे लिहू असे त्याने विचारले. मी तुझे नाव आधी आणि माझे नंतर असे लिहून दिले आहे. शिटी ठेवायची की काढायची हेही त्याने विचारले. त्याच्या मते हल्लीच्या मुलांना ती जागा रिकामी ठेवलेली आवडणार नाही. मी त्याला आठ दिवस थांबायला सांगितले आहे. ती मात्रा तुझी आहे, तेव्हा काय ते तूच कळव.

तुझा,
भाऊ