रविवारी जाल तेव्हा आधी रस्ता चालून बघा

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. नमस्कार.

दादाने पुण्याजवळच्या त्या ज्येष्ठांच्या वसाहतीचं माहितीपत्रक पाठवलं. बघितलं. मंदिर, ग्रंथालय, चोवीस तास रुग्णवाहिका, आणि शेवटाकडे ‘वॉकिंग-कम-सायकलिंग ट्रॅक’. त्या पानावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं सायकलवर हसतंय. आजोबांच्या पोटऱ्या बघता ते पस्तिशीचे असावेत, केस मागाहून पांढरे केलेले दिसतात. रविवारी तुम्ही जागा बघायला जाणार, म्हणून मुद्दाम लिहून पाठवते आहे. फोनवर बाबा “बरं बरं” म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात.

इथे फ्लोरिडात आमच्या क्लिनिकमध्ये येणारे बरेचसे पेशंट ‘द व्हिलेजेस’ या ज्येष्ठांच्या मोठ्या वसाहतीतले असतात, हे तुम्हाला माहीत आहे. ऑरलँडोच्या वायव्येला, गाडीने तासाभरावर. 1970 च्या दशकात तिथे चाकांवरच्या घरांची एक साधी वस्ती होती. 1992 पासून तिचं नाव द व्हिलेजेस झालं आणि आता ती तीन काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या भागांत, पसरली आहे. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 79 हजारांच्या घरात होती. बहुतेक घरांत निदान एक जण 55 वर्षांचा किंवा त्याहून मोठा हवा, आणि 19 वर्षांखालच्यांनी तिथे कायम राहायचं नाही. नातवंडं आली तर वर्षाला 30 दिवस. आई, “महिना झाला, आता निघा” असं तू नातवाला सांगशील का? मला तर वाटतं तू त्याला कपाटात लपवशील.

पण रस्त्यांबद्दल सांगायचंय. मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळ्या, गोल्फ कार्ट (छोटी उघडी बग्गी), सायकल आणि पायी चालणारे अशा तिघांसाठी बांधलेल्या वाटा तिथे शंभर मैलांहून जास्त आहेत, म्हणजे 160 किलोमीटरच्या वर. मोठा हायवे आडवा आला की वाट बोगद्यातून जाते किंवा पुलावरून. त्यामुळे मोटार चालवणं सोडलेला माणूससुद्धा घरून निघून किराणा, बँक, दवाखाना, पोहण्याचा तलाव आणि संध्याकाळी गाणंबजावणं चालतं त्या चौकापर्यंत सगळीकडे पोचतो. मला या सगळ्यात एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटते की वाट कुठेतरी जाते.

माझ्याकडे खुब्याच्या ऑपरेशननंतर एक आजोबा यायचे, ओहायोत कारखान्यात आयुष्य काढलेले. दोनचाकी सायकलवर तोल जायचा म्हणून त्यांनी तीनचाकी घेतली, मागे मोठी जाळीची टोपली. टोपलीत कुत्रा, कुत्र्याखाली घडीची खुर्ची. रोज संध्याकाळी चौकात जायचं, खुर्ची मांडायची, बँड ऐकायचा आणि परत. मी दिलेले व्यायाम त्यांनी कधी नीट केले नाहीत. पण पाय सुधारला तो चौकात जाऊन जाऊन.

बाबा, तुम्ही सांगलीहून हरिपूरला चालत जाता ते काय डॉक्टरांनी सांगितलं म्हणून? चिंचांच्या सावलीतून संगमेश्वरापर्यंत जायचं, कट्ट्यावर दोन माणसं भेटतात, चहा होतो, कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं ते कळतं. पाऊस पडला तरी छत्री घेऊन निघता. उलट आमराई बागेत गोल फेऱ्या मारायला लागल्यावर चौथ्या दिवशी गुडघा दुखायला लागला होता तुमचा! त्या माहितीपत्रकातला ट्रॅक लॉनभोवती गोल आहे. घाण्याच्या बैलासारखं फिरायला तुम्हाला जमणार नाही, हे मी आत्ताच सांगते. म्हणून तिथे गेल्यावर पहिल्यांदा हे विचारा: फाटकाबाहेर पायी कुठे जाता येतं? भाजी, औषधं, देऊळ, बसस्टॉप? की फाटकाबाहेर लगेच हायवे आणि ट्रक? तसं असेल तर आतला ट्रॅक कितीही गुळगुळीत असला तरी मला चिंता आहे.

इकडचं सगळंच छान, असंही समजू नका. त्या वाटांवर खरं राज्य गोल्फ कार्टचं. फ्लोरिडाच्या कायद्यात गोल्फ कार्टचा वेग ताशी 20 मैल, म्हणजे 32 किलोमीटरपर्यंत धरलाय. पायी चालणाऱ्याच्या अंगावर आली तर तो वेग काही कमी नाही. बॅटरीवरची असली तर आवाजही येत नाही, आणि ज्यांना कमी ऐकू येतं त्यांची तर पंचाईतच. हिवाळ्यात थंडी टाळायला उत्तरेकडून स्नोबर्ड म्हणतात ती मंडळी उतरली की वाटांवर झुंबड उडते. फुटपाथ नसेल तिथे समोरून येणारं वाहन दिसेल अशा बाजूने चालायचं, असा कायदाच आहे इथे. आपल्याकडे वाहनं डावीकडून, म्हणजे तुम्ही उजव्या कडेने चालायचं. आणि एक गंमत सांगते, कार्ट घेतली की माणसं चालणं सोडतात. घरापासून हाकेच्या अंतरावरच्या तलावात व्यायामाला जायचं, तेसुद्धा कार्टने! त्यामुळे तिथला सेल्समन “आमच्याकडे बग्गी आहे, आजी-आजोबांना कुठेच चालावं लागणार नाही” असं म्हणाला तर आईने लगेच खूश होऊ नये.

(तळ्याकाठी ‘मगरींपासून सावध’ अशा पाट्या असतात. पण कृष्णाकाठच्या माणसांना त्याचं काय कौतुक.)

आता रस्ता कसा बघायचा ते. आई, तू बघशील तर जास्त बरं, बाबा बिल्डरशी राजकारणावर बोलत बसतील. पेव्हर ब्लॉक बसवले असतील तर झाडांच्या मुळाशी जाऊन बघ. तिथे ते वर उचललेले असतात आणि बोटभर उंचवटासुद्धा पाय अडकायला पुरतो. चकचकीत टाइल असेल तर बादलीभर पाणी ओतायला सांग आणि मग दादाला चालायला लाव, तू नको. पावसाळ्यात कुठे शेवाळ धरतं ते माळीकाकांना विचार, ते खरं सांगतील. गटारावरच्या जाळ्या बघ. फटी चालण्याच्या दिशेने लांबट असतील तर काठीचं टोक आत जातं आणि सायकलचं चाकही. पायऱ्यांऐवजी उतार केला असेल तर एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. त्याहून तीव्र असेल तर चढताना दम लागतो, आणि उतरताना तुझ्या बदललेल्या गुडघ्यावर सगळा भार येतो. उताराच्या दोन्ही बाजूंना कठडा हवाच.

बाक नुसते मोजू नकोस, बसून उठून बघ. पाठ असलेला, दोन्ही बाजूंना हात असलेला, फार खाली नसलेला बाक हवा. संगमरवरी गोल बाक फोटोत छान दिसतात, पण त्यावरून उठताना धरायला काही नसतं. आणि जवळ स्वच्छतागृह आहे का? हे कुणी विचारत नाही, संकोच वाटतो. पण माझ्या किती तरी पेशंटनी चालणं सोडलं त्याचं खरं कारण गुडघे नव्हते, “मध्येच लागली तर?” ही धास्ती होती. व्हिलेजेसमध्ये थोड्या थोड्या अंतरावर रिक्रिएशन सेंटर आहेत, तिथे सोय होते, म्हणून बायका लांबवर जायला धजावतात. जमलं तर संध्याकाळी दिवे लागेपर्यंत थांबा. दिवा असतो खांबावर आणि अंधार असतो नेमका पायाशी. भटकी कुत्री कुठून आत येतात तेही अंधार पडल्यावरच कळेल.

2024 मध्ये महारेराने, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम आखलेत. दारं किमान 900 मिलिमीटर रुंद, पायऱ्यांऐवजी रॅम्प, लिफ्ट, न घसरणाऱ्या फरश्या असं बरंच आहे त्यात. दादाला सांगा, करारात ते आहे का बघायला. फाटकाबाहेर काय आहे ते मात्र तुम्हालाच बघायला हवं.

बाबा, सायकलचं. तुमची ॲटलस तिकडे न्यायची म्हणताय. चालवताना तुम्ही पडणार नाही, माझी खात्री आहे. उतारवयात माणसं पडतात ती बऱ्याचदा चढता-उतरता, दांड्यावरून पाय मागे टाकताना. मधला दांडा नसलेली सायकल घ्या. तिला तुम्ही लेडीज सायकल म्हणता आणि हात लावत नाही. इथे सहा फुटी, मिशाळ, सैन्यातून निवृत्त झालेले लोक तीच चालवतात. सीट एवढी खाली करा की बसल्या बसल्या पाऊल जमिनीला टेकेल. तीनचाकीचं म्हणाल तर तोल जात नाही हे खरं, पण वळणावर वेग असेल तर ती उलटू शकते. अंगणात शिकून मगच बाहेर काढायची.

निघण्याआधी एक करा. खुर्चीवर बसायचं, मग उठायचं, नेहमीच्या चालीने तीन मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. दादाने घड्याळ लावायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याची भीती आहे असं आम्ही धरतो. दोघांचेही आकडे मला कळवा. बाबा, शर्यत लावू नका, नेहमीची चाल म्हणजे नेहमीचीच.

नाहीच आवडली जागा तर नका घेऊ. माहितीपत्रकाचा कागद छान आहे, फडताळात घालायला होईल.

तुमची,
मनू

ता. क. आई, काठीच्या टोकाचं रबरी बूच उलटं करून बघ. खालच्या रेषा झिजून ते गुळगुळीत झालं असेल तर रविवारच्या आधी बदल. सर्जिकलच्या दुकानात मिळतं. जुनं सोबत घेऊन जा, नळीची जाडी वेगवेगळी असते.