टीव्ही घेण्यापूर्वी भिंत मोज

पंचवटी, नाशिक

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

दसऱ्याच्या आत टीव्ही घ्यायचा आहे आणि ऑफिसातील सगळे 55 इंचीच घे म्हणतात, असे तू काल फोनवर सांगितलेस. स्वतःच्या पगारातून घेतलेली तुझी ही पहिली मोठी वस्तू, म्हणून मला त्याचे फार अप्रूप आहे. फोनवरचे आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

मागच्या रविवारी पाथर्डी फाट्याला आलो होतो, तेव्हा बाबांनी टेप लावून पाहिली होती. दिवाणाच्या पाठीपासून समोरची भिंत सव्वासात फुटांवर आहे, म्हणजे डोळ्यांपासून पडदा साधारण साडेसहा फुटांवर येईल. बाल्कनीचे दार आणि स्विचबोर्ड यांच्यामध्ये 4 फूट 3 इंच, म्हणजे सुमारे 130 सेंटीमीटर भिंत मोकळी आहे. टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात. 55 इंची पडदा सुमारे 122 सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे तो ती जवळजवळ सगळी जागा व्यापून टाकील. 43 इंची पडदा 95 सेंटीमीटरचा असतो. तुझ्या खोलीला तोच शोभेल. पूर्वी 32 इंचांपेक्षा मोठ्या संचावर 28 टक्के जीएसटी होता, म्हणून पुष्कळ लोक 32 वरच थांबत. 22 सप्टेंबर 2025 पासून तो सर्वांना 18 टक्केच आहे, तेव्हा ते कारणही उरले नाही.

‘एचडी’ या शब्दावर मात्र जाऊ नकोस. ‘एचडी रेडी’ लिहिलेल्या संचात बहुधा 1366 गुणिले 768 ठिपके असतात, फुल एचडीत 1920 गुणिले 1080, आणि फोरकेत 3840 गुणिले 2160. चांगल्या नजरेच्या माणसालाही 43 इंची फुल एचडी पडद्यावरचे ठिपके साडेपाच फुटांच्या पलीकडून वेगवेगळे दिसत नाहीत. तू साडेसहा फुटांवर बसणार, तेव्हा केवळ ठिपक्यांसाठी फोरकेचे जास्त पैसे मोजण्याची गरज मला दिसत नाही. ते पैसे एचडी सेट-टॉप बॉक्सला ठेव. जुन्या बॉक्सची लाल-पांढरी-पिवळी वायर जोडलीस तर कितीही भारी टीव्हीवर एचडी चित्र येतच नाही, त्याला एचडीएमआय केबलच लागते. साध्या चॅनेलचे चित्र 576 ओळींचेच असते आणि मोठ्या पडद्यावर ते उलट अधिक पुसट दिसते.

घरमालकांनी भिंतीला भोके पाडू नका म्हटले आहे, त्याचे वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्याकडे टीव्ही बसवायला आलेल्या माणसाने तो पार वर, दाराच्या चौकटीच्या उंचीला टांगला होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आजोबा मान वर करून क्रिकेट बघत आणि रात्री मानेला शेक घेत. आठवडाभराने आपण तो खाली घेतला. ती चार भोके अजून कालनिर्णयच्या मागे आहेत. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या समोर किंवा किंचित खाली असावा, आणि तुझ्या दोन फुटी टेबलावर तो आपोआप तसा येईल. एवढेच बघ की हल्ली संचाचे पाय दोन टोकांना असतात. ते टेबलावर मावतात का, हे दुकानातच मोजून घे.

संध्याकाळी पांडवलेण्यांच्या डोंगराकडून ऊन थेट आत येते, त्यामुळे काचेसारखा चकचकीत पडदा नको. तू स्वयंपाकघराच्या दारातून, म्हणजे तिरके उभे राहूनही बघणार आहेस. काही पडद्यांत काळा रंग खरोखर काळा दिसतो, पण बाजूने बघितले की चित्र फिके पडते. काहींत याच्या उलट असते. दुकानात दोन पावले बाजूला सरकून बघितलेस की फरक कळेल.

एम. जी. रोडवर जाशील तेव्हा तिथे लावलेल्या भडक रंगांच्या फिल्मवरून काही ठरवू नकोस. ती दुकानातल्या झगझगीत उजेडासाठी असते. चित्राचा मोड ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ करायला सांग आणि गोदाघाटावर तू काढलेला आरतीचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवरून लावून साडेसहा फुटांवर उभी राहा. दिव्यांच्या ज्योती नुसते पांढरे ठिपके दिसतात की पिवळ्या दिसतात, काळ्या पाण्यात पायऱ्या ओळखू येतात का, आजीच्या चेहऱ्याचा रंग आजीचाच वाटतो का, एवढे नीट बघ. आवाजही ऐक. पातळ संचांचे स्पीकर बहुधा खाली तोंड करून असतात आणि संवाद दबतात. पण तुझी खोली लहान आहे, वेगळा साउंडबार लगेच घेऊ नकोस.

किमान दोन एचडीएमआय जागा हव्यात. पॅनेलची, म्हणजे पडद्याची वॉरंटी किती वर्षांची, हे बिलावर लिहून घे. खोके घरी आल्यावर त्या माणसाच्या समोरच पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करून डाग तपास.

शनिवारी बाबा पेन ड्राइव्ह आणि टेप घेऊन चार वाजेपर्यंत तुझ्याकडे पोचतील. त्याआधी टेबलाची रुंदी सेंटीमीटरमध्ये मोजून कळव.

तुझी,
आई